अकराव्या मिनिटाला चढणारा काटा

३ मार्च, सोमवार

घड्याळ दुरुस्तीला आलं की मी त्याच्या नावाने वहीत एक पान उघडतो. कधी आलं, दुखणं काय, उपाय काय केला, कधी गेलं. सव्वीस वर्षांत ही सवय मोडलेली नाही. आज गाडीच्या नावाने लिहायला बसलोय. एक पान पुरेलसं वाटत नाही, म्हणून कोरी वहीच घेतली.

दुखणं: तापते. वसतिगृहाच्या चढावर आज काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफ यायला लागली. घरातून निघून अकरा मिनिटं झाली होती. मागच्या सीटवर नमुन्याच्या सहा उशा, पुढे ही. ही म्हणाली, "चालत जाऊ या, राहिलंय किती!" चार पावलं चालली आणि म्हणाली, "नको, तुम्हीच जा. मी गाडीपाशी थांबते." मी दोन्ही काखांत तीन-तीन उशा मारून वर गेलो. रेक्टरबाईंनी उशा दाबून पाहिल्या, एकीवर चक्क गाल टेकवला, आणि ऑर्डर पक्की केली. दोनशे उशा, पंचवीस तारखेच्या आत. सव्वीसला मुली राहायला येणार. खाली आलो तर ही दाराला टेकून खोकत होती. वाफ गेली असेल घशात.

हिने एकोणीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं तपासली. ऑक्टोबरात एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "दुसऱ्यांची भोकं मोजून झाली माझी." नोकरी सोडली, एका म्हाताऱ्या गादीवाल्याकडून कापूस पिंजायचं जुनं मशीन घेतलं आणि आमच्या शेडमध्ये गाडीच्या पुढ्यात आणून बसवलं. तेव्हापासून शेडमध्ये निम्मी गाडी, निम्मा कापूस. ही तिची पहिली मोठी ऑर्डर. ती पोचवायची गाडी माझी. म्हणजे बुडाली तर कुणामुळे बुडाली, हे शोधायला लांब जायला नको.

४ मार्च, मंगळवार

गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकावला, बंद केलं. "इंजिनाचं हेड उघडावं लागेल."

म्हटलं, "तुम्ही काही पाहिलंच नाही."

"बघायचं काय त्यात? पंधरा दिवस ठेवा इथे."

रोगी पाहायच्या आधीच कुऱ्हाड काढणारा माणूस. मी किल्ली परत घेतली. थांबत, गार करत, चार ठिकाणी लोकांच्या नजरा झेलत गाडी घरी आणली. मीच करणार. यंत्र म्हणजे यंत्र. घड्याळ काय, इंजिन काय, फरक फक्त आकाराचा.

हिला सांगितलं तर म्हणाली, "घड्याळातून वाफ येत नाही हो."

गाडीतलं मला काही कळत नाही, हे इथे तरी लिहून ठेवतो. तिच्यासमोर नाही म्हणणार.

६ मार्च, गुरुवार

पुस्तक मिळवलं, वाचलं. सोपं आहे. पाणी इंजिनातून गरम होऊन रेडिएटरच्या जाळीत येतं, जाळीतून वारा जातो, पाणी गार होऊन परत जातं. आता यातलं कोण कामचुकारपणा करतंय तेवढं शोधायचं.

टॉर्च घेऊन तपासणी. पुढून: एसीची जाळी स्वच्छ. (एसी आपण मागाहून बसवून घेतला, त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे येते.) मागून, इंजिनाच्या बाजूने: रेडिएटर स्वच्छ. पुढच्या जाळीवर रुई बसते खरी, पण मी रोज सकाळी घड्याळाच्या मऊ ब्रशने ती हळूहळू दाबून साफ करतो. जाळीवर एक तंतू दिसणार नाही. गॅरेजवाल्यांना असली टापटीप ठाऊक तरी आहे का?

पहिला संशयित: रेडिएटरचं झाकण. रबर कडक झालेलं. नवं आणलं. चढावर नेली. अकराव्या मिनिटाला काटा वर.

७ मार्च, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितोय. गरम असताना झाकण उघडलं. उजवं मनगट भाजलं. पुस्तकात हे पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत दिलंय, आणि ते पान मी 'हे काय, सगळ्यांनाच माहीत असतं' म्हणून सोडलं होतं.

माझी ओरड ऐकून ही थंड पाण्याची बादली घेऊन धावत आली. माझा हात बादलीत, आणि ही जमिनीवर बसलेली, तोंड उघडं, बोलता येईना. भाजलं मला आणि धाप हिला. शेवटी मीच म्हटलं, अगं, एवढं काही झालं नाही. फार मनाला लावून घेते.

९ मार्च, रविवार

दुसरा संशयित थर्मोस्टॅट. पाणी पुरेसं तापलं की उघडणारी पितळी झडप. अडकली तर पाणी रेडिएटरकडे जातच नाही. बाहेर काढली, गॅसवर पातेल्यात पाण्यात सोडली, फोटो धुण्याच्या जमान्यातला थर्मामीटर धरून उभा राहिलो. ब्याऐंशी अंशांना अशी सुरेख उघडली की मला टाळी वाजवावीशी वाटली. मग लक्षात आलं की तिने अडकायला हवं होतं.

"ते दुधाचं पातेलं आहे," ही मागून म्हणाली.

"घासून देतो."

"आता त्यात दूध तापवून दाखवाच."

शेजारचे ड्रायव्हरकाका येऊन गेले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. "काढून फेकून दे ती झडप. आमच्या बसला कधी होती?" म्हटलं, काका, ती चांगली निघाली. म्हणाले, "मग चांगली म्हणून फेकून दे."

हिच्या बहिणीचा फोन आला. एरवी दोघी तासाला तास लावतात. आज हिने दोन वाक्यांत आटपून फोन माझ्या हातात दिला. कामाची माणसं अशीच होत जातात. हल्ली झोपतेही तीन उशा पाठीशी लावून, जवळजवळ बसूनच. विचारलं तर म्हणते, "विकायच्या तर आधी आपण वापरून बघायला नकोत?" धंद्यात जीव ओतणं म्हणतात ते हेच. मला मात्र कशातच जीव ओतता येत नाहीये. दुकानात बसलो की शेड आठवते, शेडमध्ये असलो की दुकान.

११ मार्च, मंगळवार

दोन्ही रबरी पाइप बदलले. जुनं पाणी काढून आतून तीनदा धुतलं, नवं कूलंट भरलं. हात हिरवे, शर्ट हिरवा.

एक फायद्याची गोष्ट ध्यानात आली. शटर वर करून गाडी जागेवर चालू ठेवली, पंखा फिरायला लागला, तसा शेडमधला उडता कापूस सरळ गाडीकडे ओढला जायला लागला. दहा मिनिटांत हवा निवळली. समोर ही मशीनवर होती, तीसुद्धा म्हणाली की आज जरा बरं वाटतंय. म्हटलं बघ, माझ्या प्रयोगांचा तुलाही उपयोग आहे. रोज तासभर गाडी अशीच चालू ठेवायची असं ठरवलं. गाडीची तपासणी होते आणि शेडही साफ राहते. एका दगडात दोन पक्षी.

१२ मार्च, बुधवार

चढ. काटा अकराव्या मिनिटाला नाही, नवव्या मिनिटाला वर. म्हणजे मी जितकी दुरुस्त करतोय तितकी ती बिघडतेय.

१४ मार्च, शुक्रवार

आज दुकानात माझ्या हातून एका घड्याळाची केसासारखी स्प्रिंग तुटली. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. लक्ष नव्हतं. मालक समोरच बसलेले. मी म्हटलं, नवी घालून देतो, माझी चूक.

दुसरं एक गिऱ्हाईक विचारायला आलं, माझ्या घड्याळाला झालं काय होतं? म्हटलं, काही नाही हो, कचरा. शंभरातली नव्वद घड्याळं कचऱ्यानेच बंद पडतात, माणसं उगाच मशीनला दोष देतात. तो भारावून गेला. मी मनात विचार करत होतो की गाडीच्या पाण्याच्या पंपाचा भरवसा कसा तपासायचा.

१५ मार्च, शनिवार

उशा झाल्या एकशे अठ्ठावीस. ही सकाळी मशीनवर कापूस पिंजते, दुपारी खोळी भरते आणि शिवते. तोंडाला ओढणी बांधते. म्हटलं, दरोडा घालायला निघालीस का? हसली. हल्ली तिचं हसणं आवाजाशिवायच असतं, नुसते खांदे हलतात. हसून झालं की पाठ फिरवून थोडी उभी राहते.

दुपारी म्हणाली, "अहो, राग मानू नका. पंचवीसला टेम्पो सांगून ठेवू का?"

"कशाला?"

"गाडी नाही झाली तर."

"होणार."

"झाली तर टेम्पोला नको म्हणू."

मी राग मानला. इथे लिहायला हरकत नाही, फारच मानला. उशांसाठी टेम्पो! कापसाचं ते ओझं किती! तीन खेपांत नेईन मी. मुद्दा टेम्पोचा नाहीच. तिने कारखाना सोडून धंदा उभा केला, आणि माझ्या दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइकं येतात तीही पट्टा बदलायला. या घरात मी निस्तरू शकेन अशी एक तरी गोष्ट असावी की नाही? हे तिला सांगितलं नाही. "तुझा विश्वासच नाही," एवढंच म्हणालो आणि खाली शेडमध्ये निघून आलो.

१७ मार्च, सोमवार

सहाव्या मिनिटाला. तेही सपाटीवर.

फॅनला थेट वायर जोडून पाहिली: फिरतो. पंप पाहिला: गळत नाही, खडखडत नाही. पट्टा घट्ट आहे. वहीत संशयितांची नावं एकेक करून खोडली, शेवटी एकच उरलं, हेड. म्हणजे तो गॅरेजवाला बॉनेटखाली डोकावून जे म्हणाला तेच. ते नाव लिहिताना पेन जोरात दाबलं गेलं, मागच्या पानावर उमटलंय.

आज जेवताना दोनदा उठून खाली जाऊन आलो, बघायचं काहीच नव्हतं. ही म्हणाली, "तुम्ही जरा बसा हो. तुम्हाला बघून मला दम लागतो."

१८ मार्च, मंगळवार

चौथ्या मिनिटाला. फाटकाच्या बाहेरही जाऊ दिलं नाही गाडीने.

ड्रायव्हरकाका कठड्यावर बसून बघत होते. म्हटलं, काका, शेवटचा उपाय. रेडिएटर अख्खाच सोडवून काढतो आणि आतून साफ करायला देतो. तरीही तापली तर हेडच. काका म्हणाले, "हेच पहिल्या दिवशी करायचं होतंस."

"मग पहिल्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू मला पुस्तक वाचून दाखवत होतास."

२० मार्च, गुरुवार

सकाळी लिहायला बसलो होतो, जमलं नाही. आता जेवून बसलोय.

रेडिएटर सोडवला. चार बोल्ट, दोन पाइप, पंख्याची वायर. काका एका बाजूला, मी दुसऱ्या. वर उचलला, तर तो एकटा आला नाही. त्याच्या पुढच्या अंगाला, एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत, करड्या रंगाचा एक थर चिकटून बसलेला. कडेला नख घातलं आणि ओढला, तर अख्खा एका तुकड्यात सुटून हातात आला. अंगठ्याएवढा जाड. जाळीची बारीक नक्षी त्याच्यावर उमटलेली. आमचाच कापूस.

पाच महिने आम्ही इंजिनाला रजई पांघरत होतो. पंखा ओढत होता आणि जो कापूस पुढच्या जाळीवर अडायचा तो मी रोज सकाळी मऊ ब्रशने, अतिशय टापटिपीने, आत ढकलत होतो. वर तासतासभर गाडी चालू ठेवून शेड साफ करत होतो.

काका म्हणाले, "काखेत कळसा..." आणि पुढचं बोलायच्या आतच त्यांना हसू फुटलं. मलाही फुटलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पोटातून हसलो. हिला हाक मारली, "अगं ये, तुझी दोनशे एकावी उशी तयार आहे!"

ही मशीन बंद करून आली. थर हातात घेतला आणि सवयीने बोटांनी चाचपला. "छान बसलाय हो. एकही गाठ नाही." मग तीही हसली. हसता हसता खोकला आला. खोकला थांबेना. ती वाकली, एक हात गाडीवर टेकला, दुसऱ्या हातात तो थर तसाच. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. काका हसायचे थांबले. कितीतरी वेळ ती तशीच वाकलेली होती, ओठांचा रंग बदललेला, मान आणि खांदे हवेसाठी धडपडत होते. जाळीतून वारा जात नाही म्हणजे काय होतं, ते मी अठरा दिवस वहीत लिहीत होतो.

मला भीती वाटली. कधीपासून? हा आवाज कधीपासून आहे? मी वही उघडून मागची पानं वाचली. पहिल्याच दिवशी लिहिलंय, माझ्याच अक्षरात. "वाफ गेली असेल घशात."

२१ मार्च, शुक्रवार

रेडिएटर धुऊन परत बसवला. गाडी बारा मिनिटं चालू ठेवली. काटा मधोमध, ढिम्म हलला नाही. काहीच वाटलं नाही.

हिला म्हटलं, चल, डॉक्टरांकडे. "ऑर्डर झाल्यावर." म्हटलं, आत्ता. "चाळीस उशा राहिल्यात." मी मशीनची पिन काढून खिशात टाकली. मग जे बोलायचं ते बोलली आणि गाडीत बसली.

डॉक्टरबाई वयाने लहान, पण घाईत नव्हत्या. आधी हिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. नळीवर काटा असतो, फुंकलं की पुढे सरकतो. तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा अर्ध्याच्या थोडा पुढे गेला. मग प्रश्न. खोकला कधीपासून? मी म्हणालो, "तीन आठवडे." ही म्हणाली, "डिसेंबरपासून."

रात्री झोपेतून उठून बसावं लागतं का, त्यांनी मला विचारलं. मी सांगणार होतो की ती बसूनच झोपते, उशांची परीक्षा घेते. त्याऐवजी नुसतं "हो" म्हणालो.

"किती पायऱ्या चढल्या की थांबावं लागतं?"

ही म्हणाली, "सात."

"घराला किती पायऱ्या?"

"अठरा."

"मग उरलेल्या अकरा?"

"थांबून थांबून चढते. हे तोवर वर पोचलेले असतात, यांना दिसत नाही." तक्रार करतेय असा सूरही नव्हता.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, लिहीत राहिल्या. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. कापसाची धूळ श्वासाच्या नळ्यांत गेलीय, नळ्या सुजल्यात. ओढायचं औषध सकाळ-संध्याकाळ. पिंजायच्या मशीनजवळ जायचं नाही, एक दिवससुद्धा नाही. भरून येईल का? म्हणाल्या, "बरंचसं येईल. सगळं येईल असं आज सांगत नाही. आणखी वर्षभर तिथे बसला असतात तर काहीच सांगता आलं नसतं."

येताना ही सिग्नलला म्हणाली, "गाडीची वही केलीत तुम्ही."

काटा मधोमध होता. घरापर्यंत मधोमधच राहिला.

२२ मार्च, शनिवार

भांडण. लिहून ठेवतो, कारण ती बरोबर होती.

मी म्हटलं, मशीन विकून टाकू. ती म्हणाली, "विका. आणि मला परत काजं मोजायला पाठवा."

"अगं, तुझ्या जिवापेक्षा..."

"माझा जीव तीन महिने खोकत होता, तेव्हा तुम्ही पातेल्यात झडपा उकळत होतात. आता एका दिवसात माझं सगळं बंद करून टाकणार? धंदा माझा आहे. कसा करायचा ते मी ठरवीन. पिंजायचं नाही ना? नाही पिंजणार. शिवणार. पिंजायला दुसरं कुणीतरी बघा."

मग थांबली, दम घेतला आणि म्हणाली, "तुमच्या दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइकं येतात."

दुपारी दुकान बंद केलं. गाडी बाहेर रस्त्यावर लावली, शटर पूर्ण वर केलं, मशीन उचलून दारापाशी घेतलं. हार्डवेअरच्या दुकानातून धुळीचा चांगला मास्क आणि भिंतीत बसवायचा मोठा पंखा आणला. ड्रायव्हरकाकांनी भोक पाडायला मदत केली. मग मीच पिंजायला बसलो. ती वरच्या खिडकीतून सूचना देत होती, कापूस किती ओला, किती सुका, हात कुठे ठेवायचा. एवढा सगळा बंदोबस्त करूनही तासाभरात माझा घसा खवखवायला लागला. ती इथे पाच महिने बसली होती, एका ओढणीवर, अर्धं शटर खाली ओढून, कारण कापूस रस्त्यावर उडतो अशी शेजाऱ्यांची तक्रार होती आणि मीच तिला म्हणालो होतो, शटर खाली घे.

२५ मार्च, मंगळवार

दोनशे उशा. तीन खेपा. शेवटच्या खेपेला ही पुढे बसली, मांडीवर चार उशा घेऊन. चढ आला. अकरावं मिनिट आलं आणि गेलं. रेक्टरबाईंनी पुढच्या वर्षीचं विचारलं. ही म्हणाली, "करू ना. आता आमच्याकडे पिंजायला माणूस आहे. नवशिका आहे, पण ऐकतो."

१ एप्रिल, मंगळवार

गाडीचं दुखणं संपलं. वहीत पानं बरीच उरलीत. तिला न विचारता आजपासून लिहायला घेतलं.

सात.

५ एप्रिल, शनिवार

आठ. औषधाने हात थरथरतात म्हणाली. डॉक्टरबाईंना फोन केला. सुरुवातीला होतं तसं, म्हणाल्या.

९ एप्रिल, बुधवार

आठच. मी वर दारात उभा राहून मोजतो, ती आठव्या पायरीवर कठडा धरून माझ्याकडे बघते. खाली बघायचं नाटक करणं मला जमत नाही.

डॉक्टरबाईंनी घरी दिलेल्या नळीत हिने फुंकलं. मागच्या वेळेपेक्षा दोन रेघा पुढे. तिला सांगितलं तर म्हणाली, "तुमचं ते जोरात फुंका, जोरात फुंका ऐकूनच मला दम लागतो."

१४ एप्रिल, सोमवार

शुक्रवारी अकरा झाल्या! पण तेव्हापासून तीन दिवस पाऊल पुढे नाही. मला धीर धरवत नाही. दुकानात बसलो तरी संध्याकाळच्या जिन्याकडे डोळे. सगळं भरून येईल असं आज सांगत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. मग कधी सांगणार?

१९ एप्रिल, शनिवार

अठरा!!

बाजारातून आली. खालून वर, एकदाही न थांबता, कठड्याला हात न लावता. माझ्यासमोरून ताठ चालत आत गेली, "झालं तुमचं समाधान?" म्हणाली. मी लगेच वही काढली आणि पानभर मोठा आकडा लिहिला. आता साजरं कसं करावं या विचारात

मधेच उठावं लागलं. स्वयंपाकघरात नळ सोडलेला होता, जोरात, आणि बंद होत नव्हता. पाच मिनिटं झाली, भांडं घासल्याचा आवाज नाही. आत गेलो. ही ओट्यावर दोन्ही हात टेकून वाकलेली, खांदे वरखाली होत होते. नळाच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नव्हतं. मी नळ बंद केला. मग ऐकू आलं.

पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. औषध ओढायला दिलं. बऱ्याच वेळाने खांदे उतरले.

"तुम्ही रोज तसं तोंड करून दारात उभे राहता," ती म्हणाली, "म्हटलं आज एकदाचे द्यावेत अठरा."

मी वही आणून तिच्यासमोर अठरा खोडले आणि अंदाजाने बारा लिहिले.

तिने वही ओढून घेतली, आकडा पाहिला, आणि भडकली. खरोखर भडकली, गालावर रंग आला. "बारा कुठले? तेराव्या पायरीपर्यंत मला काही झालं नव्हतं. नीट आठवतंय मला. तेरा!"

बारा खोडून तेरा लिहिले.